भिंतीकडे तोंड केलेला स्पीकर

प्रल्हादभाऊ, तुम्ही मला फसवलं. दोन वर्षं, दुपारी बारा ते चार, अगदी सरळ चेहऱ्यानं फसवलं. माझ्या बायकोनं, शीलानं, बटण दाबलं की संगणक माझ्या मोबाइलवर मेसेज पाठवतो, असं तुम्ही मला सांगितलं होतं. संगणकानं एकही मेसेज कधी पाठवला नाही. भिंतीपलीकडे खुर्ची टाकून तुम्ही बसायचे आणि हातानं पाठवायचे.

हे मला तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी कळलं. कसं कळलं ते पुढे सांगतो.

गांधीबागेत अस्तराच्या कापडाचं माझं ठोक दुकान आहे. सुरुवात मी तिथे डोक्यावर गठ्ठे वाहून केली. कापडाचा ताका शेवटच्या घडीपर्यंत उलगडल्याशिवाय मी घेत नाही, कारण डाग नेहमी आतल्या घडीत असतो. माझ्याशी व्यवहार करायचा तर लोक आधी पाणी पिऊन येतात. आणि तुम्ही, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन माझ्या शेजारी राहायला आलेला, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, मला वरची घडी दाखवून गेले.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला अमोलनं, तुमच्या मुलानं, मला म्हटलं, "काका, तुम्ही दोन शब्द बोला." मी नाही म्हणालो. तुमचा माझा अबोला चालू होता. अठरा दिवसांचा. तो मिटायच्या आत तुम्ही गेले, आणि मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलून तो परस्पर मिटवणं मला पटेना. तेव्हा खिशात राहिलेलं आता इथे लिहितो आहे.

शीलाला लकवा झाला तेव्हा तिचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डोकं पहिल्यासारखंच चाललं, हे डॉक्टरांच्या आधी तुम्ही ओळखलं. मी तिच्याशी मोठ्यानं बोलत होतो, जसं काही कान गेले होते. तुम्ही दारात उभे राहून म्हणाले, "शेठ, वहिनीले सगळं समजते. तुम्हीच समजून नाही राहिले."

मोबाइल तिला जमत नव्हता. डाव्या हाताचं बोट थरथरायचं आणि भलत्याच ठिकाणी पडायचं. मग तुम्ही तुमचा जुना संगणक उचलून आमच्याकडे आणला, पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले की आपण यावर वहिनींसाठी फॉर्म बनवू, तळहाताएवढी बटणं असलेला.

"बनवू म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुम्ही. मी सांगीन."

"मले कापड समजते, भाऊ. हे नाही."

"कापड तरी पोटातून शिकून आले होते काय?"

मी लगेच भाव करायला बसलो. तुम्ही म्हणाले चार बटणं पुरतील, मी म्हणालो आठ. तुम्ही म्हणाले महिना लागेल, मी म्हणालो दहा दिवस. शेवटी पाच बटणं आणि पंधरा दिवस ठरले. पलंगावरून शीला आपल्या दोघांकडे आलटून पालटून बघत होती. दुखण्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, अर्ध्या चेहऱ्यानं.

पहिल्या दिवशी मी फॉर्मवर एक बटण ओढून ठेवलं, त्यावर ‘पाणी’ लिहिलं, प्रोग्रॅम चालू केला आणि दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पाच-सात वेळा दाबलं.

"काहून दाबून राहिले सारखं?" तुम्ही म्हणाले. "त्याच्यामागं काही लिहिलंच नाही तं ते काय करन?"

"मंग दिसते कशाले बटणासारखं?"

"दिसणं वेगळं, ऐकणं वेगळं. कान तं तुम्हाले बी आहेत."

शीला पुन्हा हसली. मला राग आला, पण ती हसत होती म्हणून गिळला. मग तुम्ही शिकवलं. बटणावर दोनदा क्लिक करायचं, मागचं पान उघडतं. त्या पानावर लिहायचं की कोणी हे दाबलं तर काय करायचं. तिथे तुम्ही मला तुमची कंट्रोल रूम सांगितली. समोर भिंतभर दिवे, एखादा दिवा लागून भोंगा वाजला की सगळ्यात आधी एक बटण दाबायचं. त्यानं बिघाड दुरुस्त होत नाही, फक्त "पाहिलं" एवढं सांगितलं जातं.

"दुरुस्ती मंग होत राहते, शेठ. पण पयले ‘पाह्यलं’ म्हणाचं. नाही तं मानूस घाबरते."

म्हणून आपल्या फॉर्मवरचं प्रत्येक बटण आधी उत्तर द्यायचं. पाणी दाबलं की पडद्यावर अक्षरं यायची, ‘पाणी आणतो’, आणि स्पीकरमधून तुमच्याच आवाजात तेच ऐकू यायचं. आवाज माझा घ्यायचा होता. तीनदा भरला. तुम्ही ऐकून म्हणाले, "तुम्ही पानी आणून राहिले का भांडून राहिले?" मग तुमचाच ठेवला.

पुढचं आठवतं ते सगळं माझ्या चुकांचं आहे. मी पाणी, पंखा आणि दुखतंय यांच्यापुढे गोल टिंबं ठेवली होती, एक निवडायचं. शीला पाणी निवडायची, मग दुखतंय निवडायची, की पाणी आपोआप पुसलं जायचं. ती पुन्हा पाण्यावर जायची, की दुखतंय पुसलं जायचं. मी वैतागून ओरडलो, "एक काय ते ठरव नं वं." तिचे डोळे भरले. तुम्ही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले, थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "ठरवलंच आहे त्यायनं. दोन्ही पाह्यजे. तुमचे गोल एकच घेऊ देतात. तिथं चौकोन ठेवा, मंग पाहिजे तेवढ्या खुणा करता येतात." चौकोन ठेवल्याबरोबर तिनं दोन्हीवर खूण केली. तिला तहान लागली होती आणि खांदाही दुखत होता. एवढी साधी गोष्ट. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला किती वेळा गोल टिंबं दिली असतील, हा विचार मला आता दुपारी बसल्याबसल्या येतो. तेव्हा आला नव्हता.

तिला लिहायला एक पांढरी पट्टी ठेवली होती. तुम्ही कीबोर्डवर चिकटवायला अक्षरांच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं लिहिल्या, ‘च’ आणि ‘ज’ वेगळे दिसावेत म्हणून जाड करून. मी हुशारी केली. म्हटलं, तिला सगळा शब्द लिहायचा त्रास कशाला. पट्टीत अक्षर पडलं की प्रोग्रॅमनं ओळखावं. ‘च’ आला की चहा. तुम्ही दोनदा विचारलं, "पक्कं नं?" मी म्हणालो, "माही बायको आहे, मले नाही मालूम?" दुसऱ्या दिवशी शीलाला थंडी वाजत होती. तिला चादर हवी होती. ती ‘च’ दाबायची की संगणक म्हणायचा, चहा आणतो. सुमनबाई, शीलाचं करायला आमच्याकडे सकाळपासून बारापर्यंत आणि पुन्हा चारनंतर असते ती, तिनं दोन कप करून आणले. शेवटी शीलानं माउस भिरकावला.

तुम्ही ते पाहून म्हणाले, "शेठ, हा प्रोग्रॅम नाही. हा तुमचा फोटो आहे."

मी चिडलो. पण ‘झालं’ नावाचं एक बटण पट्टीशेजारी ठेवलं, आणि ती ते दाबेपर्यंत प्रोग्रॅमनं गप्प राहायचं, मग पट्टीतलं मशीनच्या सपाट आवाजात वाचायचं, असं लिहिलं. संगणक लगेच शिकला.

आता पाचवं बटण. ‘बोलाव’.

बारा ते चार घरात शीला एकटी असते. आम्हाला मूलबाळ नाही, आणि दुकान सोडून मी बसू शकत नव्हतो. सुरुवातीला ठरलं होतं की तुमच्याकडे किल्ली ठेवायची, तिनं काही आवाज केला तर तुम्ही जाऊन बघायचं. एकदा तुम्ही गेले. तिच्या अंगावरचं पातळ सरकलेलं होतं, कपडे खराब झाले होते. तुम्ही पाठ फिरवून सुमनबाईला तिच्या घरून बोलवायला धावले, एवढंच झालं. पण मी आलो तेव्हा ती रडत होती, आणि मी कशाचीही चौकशी न करता तुमच्या दारात उभा राहून बोललो. काय बोललो ते तुम्हाला आठवत असेलच. "बायकोच्या खोलीत परका मानूस नको." गल्लीत दोघे-तिघे ऐकत होते.

तुम्ही किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

बरोबर नव्हतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे आले, संगणकापुढे बसले, मीही बसलो, आणि मला वाटलं विषय संपला. मी म्हणालो, असं बटण करा की ते सरळ मलाच बोलावेल. मधे माणूसच नको. गांधीबागेतून महाल भागातल्या घरी यायला मला दुपारच्या गर्दीत स्कूटरवर फार तर पंधरा मिनिटं लागतात. तुम्ही म्हणाले, "संगणकातून फोनवर धाडणं सोपं नाही, शेठ. मले शिका लागन."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"आठ दिवस."

"महिना धरा."

"आठ दिवस, नाही तं सांगून द्या का जमत नाही. मी दुसरा पाहतो."

आठव्या दिवशी तुम्ही म्हणाले, झालं. मी दुकानात जाऊन थांबलो, तुम्ही तिला बटण दाबायला लावलं, आणि माझ्या फोनवर मेसेज आला. ‘शीला: बोलावते आहे.’ तुमच्या नंबरवरून. मी विचारलं, तुमच्या नंबरवरून कसा? तुम्ही म्हणाले, प्रोग्रॅमला माझा नंबर जोडला आहे. मी खूश झालो. आठ दिवसांत काम करून घेतलं म्हणून बाजूच्या दुकानदाराला ऐटीत सांगितलंसुद्धा.

दोन वर्षांत एवढ्या खुणा समोर होत्या. स्पीकरचं तोंड तुम्ही भिंतीकडे फिरवून ठेवलं. मी विचारलं, हे काहून उलटं? तुम्ही म्हणाले, वहिनींच्या कानावर आदळू नये. बोलाव दाबलं की टिंग-टाँग असा मोठा आवाज यायचा, आणि तो भिंतीत जायचा. ती भिंत तुमची आणि माझी एकच, एका विटेची. मेसेज कधी लगेच यायचा, कधी चार-पाच मिनिटांनी. मी तक्रार केली की तुम्ही म्हणायचे, नेटवर्क. आता कळतं, नेटवर्क म्हणजे तुमची आंघोळ. शेवटच्या काही महिन्यांत दुपारच्या वेळी नेटवर्क कधीच गेलं नाही. तुम्ही आंघोळ सकाळी करायला लागले असाल.

तुमच्या पुतणीच्या लग्नाला तुम्ही गेले नाहीत. गाडीचा त्रास होतो म्हणाले. अमोल हैदराबादला बोलावून थकला. मी तुम्हाला घरकोंबडा म्हणायचो, आणि तुम्ही हसायचे.

आणि मग तो अठरा दिवसांचा अबोला. मला दुकानासाठी फॉर्म बनवायचा होता, कोणता रंग कुठल्या कपाटात आहे हे दाखवणारा. मी म्हणालो, एक दिवस दुपारी दुकानात या, बाजार थंड असतो.

"दुपारी नाही जमत, शेठ. सकाळी येतो."

"सकाळी गिऱ्हाईक राहते. दुपारी काय करता तुम्ही? झोपता?"

"हाव. झोपतो."

"रिटायर मानसाले झोपेशिवाय काम काय. मी वर्षात एक गोष्ट मागतली तं तुम्हाले झोप आली."

तुम्ही कधीच उलटून बोलत नव्हते, म्हणून मी नेहमी जिंकलो असं मला वाटायचं. मी संध्याकाळचं तुमच्याकडे बघणं बंद केलं. तुम्ही दोन संध्याकाळी दारापर्यंत आले, मी वर पाहिलं नाही, मग तुम्हीही यायचं थांबले. त्या अठरा दिवसांत मेसेज मात्र आले. ‘शीला: बोलावते आहे.’ मी मनात म्हणायचो, माणसापेक्षा प्रोग्रॅम बरा, तो तोंड पाडून बसत नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं तुमचं दार वाजवलं आणि आतून आवाज आला नाही. कडी तोडायला मीच होतो. तुम्ही पलंगावर कुशीवर होते, भिंतीकडे तोंड करून. घाटापर्यंत मी खांदा दिला. कोणाला बदलू दिला नाही. तेव्हा मला वाटत होतं की मी मोठेपणा करतो आहे.

सात दिवस दुकान बंद ठेवलं होतं. अमोल घराला कुलूप लावून गेला. आठव्या दिवशी सुमनबाई बाराला गेली, तिच्यामागोमाग मी दुकानात गेलो. फोन गल्ल्याशेजारी ठेवला. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले, फोन गप्प. मी स्वतःशी म्हणालो, आज शीलाची तब्येत छान दिसते. जेवलोसुद्धा निवांत.

चारला घरी आलो तर ती पलंगाच्या कडेला तिरपी लटकलेली होती. पाय खाली, कंबर अर्धी बाहेर, डाव्या हातानं टेबलाचा पाय धरलेला. पाण्याचा पेला फुटला होता. तोंडातून एक बारीक आवाज येत होता, जो मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कळवलं आहे. येतो.’

तुमच्या लक्षात असेल, तिचं बोट थरथरून एका वेळी तीन-तीनदा दाबलं जायचं, म्हणून आपण ते बटण दाबल्यावर पाच मिनिटं मंद करून ठेवत होतो. पाच मिनिटांनी ते पुन्हा उजळायचं. मी तिला वर घेतलं, पुसलं, कपडे बदलले, आणि विचारलं, किती वेळा दाबलं? तिनं डाव्या हाताची पाचही बोटं उघडली. मिटली. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली. मी तिचा हात धरून थांबवला. प्रत्येक वेळी ते उजळेपर्यंत ती वाट बघत होती, भाऊ, आणि प्रत्येक वेळी पडदा तिला सांगत होता, येतो.

मी बिघाड शोधायला बटणाच्या मागचं पान उघडलं. बाकी चार बटणांची पानं माझ्या हातची, मला पाठ आहेत. हे एक मी कधी उघडलं नव्हतं. तुम्ही म्हणाले होते, याचं मी बघतो, आणि मी, शेवटच्या घडीपर्यंत ताका उलगडणारा, मान हलवून मोकळा झालो होतो. आत तीन गोष्टी होत्या. आवाज वाजव. ‘कळवलं आहे. येतो.’ दाखव. पाच मिनिटं मंद हो. बास. फोनचा, मेसेजचा पत्ताच नाही. आणि खाली हिरव्या अक्षरांत एक ओळ. तुम्हीच शिकवलं होतं की हिरवी ओळ संगणक वाचत नाही, ती पुढे कोणी माणूस हे पान उघडेल त्याच्यासाठी असते.

‘इथे पुढचं लिहायचं आहे. तोपर्यंत मी आहे.’

मी अमोलला फोन लावला. म्हटलं, बाबांचा मोबाइल आहे का जवळ, त्यात मला गेलेले मेसेज बघ. तो म्हणाला, "काका, मेसेज एकच आहे. तोच पुन्हा पुन्हा पाठवलाय. मला वाटलं तुमचं काही ठरलेलं असेल." मग म्हणाला, "भिंतीजवळ खुर्ची होती बाबांची. बाजूला पाण्याची बाटली, चष्मा, डबा. मला वाटलं ऊन येतं म्हणून तिथं बसत असतील."

त्या भिंतीला ऊन येत नाही. माझ्या बाजूलाही येत नाही.

पुढचं त्यानं सहज सांगितलं, त्याला माहीत नव्हतं तो काय सांगतो आहे. दोन महिन्यांपूर्वी तुमच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी तपासण्यांसाठी दोन दिवस भरती व्हायला सांगितलं. अमोल यायला तयार होता. तुम्ही त्याला म्हणाले, आता नको, दुपारचं जमत नाही.

प्रल्हादभाऊ, हे वाक्य माझ्यावर टाकून तुम्हाला जाता येणार नाही. मलाही तुम्ही हेच म्हणाले होते, आणि मी तुम्हाला झोपेवरून टोमणा मारला. तेव्हा तुमच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी असेल. एका शब्दानं सांगितलं असतं. "शेठ, मेसेज मीच पाठवतो, दोन दिवस तुमचं तुम्ही बघा." मी ओरडलो असतो. नक्की ओरडलो असतो, गल्ली गोळा झाली असती. आणि दोन दिवस दुकान बंद ठेवलं असतं. मला काय तुम्ही एवढंच ओळखलं? की बरोबर ओळखलं?

याचा हिशेब लागत नाही. तुमच्यामुळे दोन वर्षं शीला एकदाही अशी लटकली नाही, आणि तुमच्यामुळेच एक दिवस लटकली. मी आभार मानायला बसतो आणि मधेच राग येतो. रागवायला बसतो तर ‘च’ आणि ‘ज’ जाड केलेल्या त्या चिठ्ठ्या दिसतात. पारा चढवून मी भलेभले व्यापारी वाकवले, पण त्या पाऱ्याला घाबरून एका माणसानं स्वतःला भिंतीमागे लपवलं, हे मला आधी कोणी का सांगितलं नाही?

सांगितलं होतं. शीलानं.

परवा दुपारी तिनं पट्टीत हळूहळू अक्षरं टाकली. मी शेजारी बसलो होतो. ‘भाऊ’ एवढं झालं आणि माझ्या तोंडाशी आलं, हो, भाऊ गेले ना. मी ओठ दाबून धरले. मला आठवलं, मागेही दोन-तीनदा तिनं ‘भाऊ’ लिहायला घेतलं होतं आणि मी मधेच म्हणालो होतो, येतात ना भाऊ संध्याकाळी, मग चिडून, सारखं काय भाऊ भाऊ. तेव्हा तिनं ‘झालं’ दाबलं नव्हतं. तेव्हा वाटायचं, मला कशाला ते दाबायची वाट बघावी लागते, मी काय प्रोग्रॅम आहे? परवा मी थांबलो. बरीच मिनिटं गेली. तिनं ‘झालं’ दाबलं आणि मशीननं तुमच्या नाही, त्या सपाट आवाजात वाचलं.

‘भाऊ पाठवत होते. खुर्चीचा आवाज यायचा.’

म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं. तिघांत एक मीच मूर्ख होतो, आणि ते बटण मी करवून घेतलं म्हणून बाजारात मिरवत होतो.

आता मी बारा ते चार दुकान बंद ठेवतो. गिऱ्हाईक दुसरीकडे वळायला लागलं आहे, असं किती दिवस चालेल माहीत नाही. हिरव्या ओळीखालचं पुढचं मी लिहितो आहे. तुम्ही मला शिकवायला लिहिलेल्या वहीतून, माझ्या जाड डोक्यानं. मेसेज जातो. चार वेळा दाबलं तर तीनदा येतो, चौथा कुठे जातो ते सापडत नाही. मी तीनवर सौदा करणार नाही. चौथ्या वेळी ती पलंगाच्या कडेला असेल. पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो तरी मी पाच पावलांवरून मागे वळून बघतो. फोन हातात असतो, तो वाजत नाही म्हणून भीती वाटते, वाजला की जास्त वाटते.

हिरवी ओळ मी पुसलेली नाही. स्पीकरही फिरवलेला नाही. मी शेजारी बसलेला असतो, तरी शीला दुपारी एकदा तरी बोलाव दाबते. टिंग-टाँग भिंतीत जातं, पडद्यावर येतं, ‘कळवलं आहे. येतो.’ आणि ती माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे कान करून खुर्चीची वाट बघते.

तोपर्यंत मी आहे, असं तुम्ही लिहून दिलं. तुमच्या हातचं आहे, माझ्याकडे आहे, आणि ते पुढचं अजून लिहून झालेलं नाही. मग तुम्ही गेले कसे? मला न विचारता दोन वर्षं कोणी दिली तुम्हाला ती खुर्ची, आणि दोन दिवस मागायला तुमची जीभ का उचलली नाही? परका म्हणालो त्याचं मी उत्तर देईन, जिथे म्हणाल तिथे उभा राहून देईन. पण तुमचं तुम्हाला द्यावं लागेल. काहून नाही सांगितलं, भाऊ? आधी शीलाला सांगा, तिनं बटण दाबलेलं आहे. मला नंतर सांगा, मी थांबतो.